सोलापूरच्या चादरी आणि मादाम वासर

नवी मुंबई बघायला म्हणून कुणी जात नाही. लोक तिथे घर घ्यायला जातात, मार्केटात माल पोचवायला जातात, नाहीतर पुण्याहून मुंबईला निघालेल्या बसच्या खिडकीतून तिच्याकडे एक नजर टाकतात आणि खाडीपूल येईपर्यंत पुन्हा डुलकी काढतात. मीही कैक वर्षं तेच करत आले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, एका एप्रिल महिन्यात, मला तिथे काही दिवस राहावं लागलं. परत आल्यावर मैत्रिणींनी विचारलं, "वाशीत काय गं असतं बघायला?" त्यांना सांगता सांगता लक्षात आलं, की मी एकाही जागेबद्दल बोलत नाहीये. माणसांबद्दलच बोलतेय.

जाण्याचं कारण चादरी. मी पुण्यात फ्रेंच शिकवते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या ओळखीने सोलापूरचे येमुल माझ्याकडे आले. हातमागावर विणलेल्या चादरी आणि टेबलावर घालायची कापडं ते युरोपात पाठवत. गोरे, बुटके, पांढरा सफारी घातलेले, बोलताना दोन्ही हात मांडीवर ठेवणारे गृहस्थ. त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. तिकडच्या देशांनी आपल्या कापडाला कोटा लावला होता. ठरलेल्या मापापलीकडे माल घेत नसत. हातमागाच्या कापडाला मात्र त्यातून सूट होती. आता तिकडच्या देशांना संशय आला होता, की हातमागाच्या नावाखाली यंत्रमागाचं कापडही येतंय. त्यांनी माल घेणं थांबवलं. येमुलांचे कंटेनर उरणजवळच्या यार्डात पडून राहिले आणि सोलापुरात त्यांच्या विणकरांचे माग बंद झाले.

"दिल्लीत दोन बैठका फिसकटल्या," येमुल म्हणाले. "आता त्यांची माणसं इथेच येऊन माल बघणार आहेत. त्यांच्या मुख्य बाई फ्रेंचमध्येच बोलतात. ताई, तुम्ही दुभाष्या म्हणून याल का?"

वाशीपासून तीनच स्टेशनं अलीकडे नेरूळला माझी मावशी राहते. राहायची सोय होती. मी हो म्हटलं.

वाशी

पहिल्या सकाळी मावशीने मला न्याहारीशिवाय सोडलं नाही. पुण्यात आमच्याकडे पाहुण्याला "चहा घेणार का?" असं विचारतात. मावशीकडे विचारायची पद्धतच नाही. भाकरी, लसणाची चटणी आणि वाटीभर दही समोर आलं. मावशी पाटण तालुक्यातली. लग्न होऊन मुंबईला गिरणगावात आली आणि काकांची गिरणी बंद पडल्यावर काही वर्षांनी नेरूळला. तिने विचारलं, "त्या बाईंचं नाव काय म्हनलीस?"

"मादाम वासर."

"वासर? म्हंजी गाईचं वासरू?"

"अगं, आडनाव आहे त्यांच्याकडचं."

"आसंल बाई," असं म्हणून ती हसली. त्यानंतर घरात बाईंचा उल्लेख वासरू असाच होत राहिला.

प्रत्यक्षात मादाम वासर साठीच्या, उंच, ताठ. केस आखूड कापलेले, गळ्यात चष्म्याची साखळी. वाशीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये लांब टेबल मांडलं होतं. त्या एका बाजूला, सोबत त्यांचे दोन सहायक. समोर दिल्लीहून आलेले सरकारी अधिकारी माथुर आणि शेजारी येमुल. मधे मी. बाईंचं फ्रेंच मी माथुरांसाठी इंग्रजीत सांगायचं आणि मागोमाग येमुलांच्या कानाशी मराठीत. बाईंना इंग्रजी येत होतं. पण कामाचं बोलणं आपल्याच भाषेत करायचं, असा त्यांचा नियम. "परक्या भाषेत माणूस उगाच नरम होतो," त्या मला म्हणाल्या.

त्या नरम नव्हत्याच. माथुरांनी अडकलेला माल आधी सोडण्याचा विषय काढला, तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "ज्या सवलतीत लबाडी शिरली आहे, ती आम्ही किती दिवस चालू द्यायची?"

लबाडी. फ्रेंच शब्दाला दुसरा अर्थ नव्हता. गफलत म्हणता आलं असतं, गैरसमज म्हणता आलं असतं. क्षणभर मनात आलंही. पण मला तिथे बोलावलं होतं ते ऐकलेलं पोचवायला. मी तो शब्द आधी इंग्रजीत सांगितला आणि मग येमुलांच्या कानात मराठीत.

माथुर लाल झाले. "हा शब्द आमच्या देशाला उद्देशून आहे का?" त्यांनी विचारलं. बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. येमुल मात्र उठले, खुर्ची नीट आत सरकवली आणि बाहेर गेले.

जेवणाच्या सुट्टीत ते मला हॉटेलच्या फाटकाशी दिसले.

"ताई, ती खरंच तसं म्हणाली?"

"हो."

"बरं झालं सांगितलंत. गोड करून सांगितलं असतंत, तर मी तिथे हसत बसलो असतो." त्यांनी रुमालाने चेहरा पुसला. "माझा आजा हातमागावर बसायचा. मी बसलोय. आमच्या घरात लबाडी करायला वेळ कुणाला होता?"

नावडे

दुसऱ्या दिवशी तळोज्याच्या कारखान्यांकडे निघालो. नावडे गावाजवळ कापड धुऊन रंगवणारा एक कारखाना होता. येमुलांचं काही कापड तिथे रंगायला येई, आणि बाईंचा संशय मुख्यतः याच जागेवर होता. दोन गाड्या होत्या. पहिलीत बाई, त्यांचे सहायक आणि मी. दुसरीत माथुर आणि येमुल. कालच्या शब्दानंतर दोन्ही बाजू एकमेकांकडे बघतही नव्हत्या.

गावात शिरलो आणि गाड्या थांबल्या. समोर हळदीचा मांडव रस्त्यातच घातलेला. बेंजो जोरात, बायका नाचताहेत, नवरदेव पाटावर पिवळाधमक. पुण्यात आम्ही हळद लावतो ती बोटाच्या टोकाने, साडीवर पडू नये म्हणून जपून. इथे ओंजळीने चाललं होतं. आम्ही कुठून वाट मिळते ते बघायला उतरलो, तेवढ्यात एका आगरी आजीबाईंनी मादाम वासरांचा हात धरला.

"कुठशी आली गो ही? ये, ये बाय, लांब काय उभी?"

मी सांगायच्या आतच आजीबाईंनी बाईंच्या दोन्ही गालांना हळद फासली. सहायक धावले. बाईंनी त्यांना हातानेच थांबवलं. मग आजींचा हात कपाळापर्यंत पोचावा म्हणून मान थोडी खाली केली. मला ते फार बरं वाटलं. कालपासून त्यांची मान पहिल्यांदाच वाकली होती.

गर्दीतून वाट मिळाली. कारखान्याच्या दाराशी उतरलो तेव्हा बाईंच्या पांढऱ्या कॉलरवर पिवळा डाग पसरला होता आणि त्या रुमालाने तो आणखी पसरवत होत्या. येमुल जरा वेळ बघत राहिले. शेवटी त्यांच्यातल्या कापडवाल्याला राहवेना.

"त्यांना सांगा, चोळू नका. हळदीचा रंग कच्चा असतो. धुऊन कडक उन्हात घातला की उडेल."

मी सांगितलं. बाईंनी रुमाल खाली घेतला आणि म्हणाल्या, "मेर्सी, मस्यू." येमुलांनी मान हलवली. कालच्यानंतरचं त्यांचं एकमेकांशी हे पहिलं बोलणं.

आत मात्र वाईट घडलं. वाळवणाच्या खोलीत येमुलांच्या हातमागाच्या कापडाशेजारी, हात लागेल इतक्या जवळ, दुसऱ्या कुणाचे यंत्रमागाचे तागे टांगलेले होते. दोन्हींमध्ये ना दोरी, ना पाटी. कारखान्याचा मॅनेजर गडबडला. "पॅकिंगच्या टायमाला वेगळं करतो साहेब, टेन्शन नाही," तो म्हणाला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.  माथुर सारवासारव करू लागले, की जागा कमी आहे, उन्हाळ्यात काम जास्त असतं.

तेव्हा येमुल मधे आले. "साहेब, थांबा जरा. ताई, बाईंना सांगा, त्या म्हणतात ते बरोबर आहे. माल असा ठेवला तर कुणीही संशय घेईल. मीही घेतला असता." आणि मॅनेजरकडे वळून, "मला तू हे कधी सांगितलं नाहीस."

माथुरांनी कपाळाला हात लावला. आपल्याच बाजूच्या माणसाने पत्ता उघडा केला होता. मी येमुलांचं बोलणं फ्रेंचमध्ये सांगितलं. बाई त्यांच्याकडे वळल्या, हळद लागलेल्या चेहऱ्याने, आणि म्हणाल्या, "उद्या कंटेनर उघडू."

उरण

उरणच्या रस्त्याला मिठागरं लागतात. दुपारच्या उन्हात ती बघवत नाहीत, इतकी पांढरी. मधूनच भातखाचरं, कोरडी पडलेली, आणि त्यांच्या कडेने कंटेनरांचे ढीग, लाल, निळे, गंजलेले. ज्यांची शेतं इथल्या नव्या बंदराच्या जागेत गेली त्यांतलेच काही जण आता यार्डाच्या फाटकावर पहारा करतात. एका पहारेकऱ्याने सहज बोट दाखवून सांगितलं, "तो निळा डबा दिसतो ना, तिथं आमचं खाचर होतं."

येमुलांचा कंटेनर उघडला. आतून भट्टीसारखी वाफ आली. गठ्ठे बाहेर काढून ताडपत्रीवर सोडले. सहायक आपली भिंगं घेऊन बसले. बाईंनी भिंग घेतलं नाही. त्या गुडघ्यावर बसल्या, एक चादर उलगडली आणि डोळे मिटून तिच्या काठावरून बोटं फिरवत गेल्या. हातमागाचा काठ यंत्रासारखा सरळ नसतो. विणणाऱ्याचा हात कुठे जरा घट्ट, कुठे सैल पडतो. दुसरी चादर घेतली, तिसरी घेतली. येमुल उन्हात उभे होते आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

बाईंनी तिसरी चादर घडी घालून ठेवली. उठायला गेल्या आणि त्यांचा तोल गेला.

मी आणि एका सहायकाने त्यांना धरलं. अंग तापलेलं, ओठ पांढरे. फाटकाबाहेरच्या टपरीतली चहावाली धावत आली. काष्टा घातलेली, दणकट बाई.

"उनान काय उभी केलाव हिला? सावलीन आना, सावलीन!"

तिने बाईंना बाकड्यावर आडवं केलं, पदर ओला करून मानेवर ठेवला आणि मीठ-साखर घातलेलं पाणी घोटघोट पाजलं. "पी बाय, पी. घाबरू नको, मी हाय." मी भाषांतर केलं नाही. लागलंच नाही.

जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं. ऊन लागलंय, दुसरं काही नाही, पण आता लांबचा प्रवास नको, कुठेतरी गार जागी झोपू द्या, म्हणाले. वाशीच्या हॉटेलला जायला वेळ लागला असता. नेरूळ त्याच वाटेवर अलीकडे. मी म्हटलं, "माझ्या मावशीकडे नेऊ."

नेरूळ

मावशीने दार उघडलं आणि प्रश्न एकही विचारला नाही. खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या, फरशीवर गादी घातली. बाई झोपल्या. उठल्या तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मावशीने त्यांना ज्वारीची आंबील दिली, ताक घालून, गार. बाईंनी पहिला घोट सावधपणे घेतला आणि मग पेला दोन्ही हातांत धरून संपवला. शेजारच्या बायका दारातून डोकावून जात होत्या. आमच्या पुण्याच्या बिल्डिंगमध्ये दारं लावलेली असतात. इथे पाहुणा आला की तो सगळ्या मजल्याचा.

तेवढ्यात काका कामावरून आले. वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर माल उतरवून घ्यायचं काम ते करत. हातपाय धुऊन समोर बसले. कोण, कुठल्या, कशासाठी आल्या, ते मी सांगितलं. कापडाचं नाव निघताच ते सावरून बसले.

"म्या पन कापडातलाच. साचेखात्यात, गिरनीच्या मागांवर होतो. गिरन बंद झाली तवा सोडलं."

मी सांगितलं. बाई उठून बसल्या. त्या उत्तर फ्रान्समधल्या एका गिरण्यांच्या गावच्या होत्या. वडील विणकाम खात्यात. त्यांची गिरणी बंद पडली, मग शेजारची, मग सगळ्याच. "वडील रोज पाळीच्या वेळेला उठायचे," त्या म्हणाल्या. "दाढी करायचे, टोपी घालायचे आणि स्वयंपाकघरात बसून राहायचे. आई त्यांना कधी विचारायची नाही, कुठे निघालात म्हणून."

मावशीने काकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे बघत होते.

मग बाई म्हणाल्या, "यावेळी निघताना गावातली माणसं मला भेटायला आली. माझ्या वडिलांबरोबर काम केलेली, आता म्हातारी झालेली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, क्लेर, त्यांना काही सोडून देऊ नकोस. बाहेरचं स्वस्त कापड आलं म्हणून आपलं गाव बसलं, असं सगळे मानतात. मीही मानते. म्हणून तर मला इथे पाठवलं."

काकांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. त्यांनी विचारलं ते अगदी मऊ आवाजात, शेजारच्याला वाट विचारावी तसं.

"नंदा, त्यास्नी इचार. आमचं कापड तिकडं गेलं म्हनून त्यांची गिरन बंद पडली. मग आमची कशानं बंद पडली?"

मी विचारलं.  

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"मला बी न्हाई," काका म्हणाले. मग जरा हसले. "जाऊ द्या. तुमच्या बाबास्नी साचे किती बगायला लागायचे?"

पुढे दोघं तासभर बोलत बसले. कापसाची धूळ छातीत कशी जाते, साच्यांच्या आवाजात माणसं ओठांवरून बोलणं कशी ओळखतात, पहाटेच्या पाळीला कुणाची बायको कसा डबा देते. बाईंना हसताना मी तेव्हाच पाहिलं. निघताना मावशीने त्यांच्या हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा स्टीलचा डबा दिला. बाईंनी डबा कधी परत करू म्हणून विचारलं.

"परत कशाला? असू दे म्हनावं वासराला," मावशी म्हणाली. ते शेवटचं मी भाषांतर केलं नाही.

पुन्हा वाशी

शेवटची बैठक त्याच हॉलमध्ये झाली. बाईंनी बसण्याआधी येमुलांना उद्देशून बोलायची परवानगी मागितली.

"उरणला मी हातात घेतलं ते कापड माणसाच्या हातानेच विणलेलं होतं. पहिल्या दिवशी मी जो शब्द वापरला, तो या गृहस्थांना लागू नाही. तो मी मागे घेते."

मी ते मराठीत सांगताना येमुलांनी डोळे मिटून घेतले होते. झाल्यावर ते उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. बाईंनीही जोडले.

पण म्हणून बोलणी सोपी गेली असं नाही. माथुरांना वाटलं, आता गाडी रुळावर आली, आणि त्यांनी यंत्रमागाच्या कापडाचा कोटा वाढवण्याचा मुद्दा पुढे केला. बाईंनी नकार दिला. ते पुन्हा म्हणाले, बाई पुन्हा नाही म्हणाल्या. आवाज चढले. माथुर म्हणाले, "तुमच्या गावांची काळजी करायला तुम्ही आहात. आमच्या गावांची कुणी करायची?" मी ते सांगितलं. 

"तुम्हीच," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही ती करताय. पण मला जे देता येणार नाही, ते मी देते असं कसं म्हणू? माझ्या गावात मला परत जायचं आहे."

त्यावर माथुरांनी वाद वाढवला नाही. पाणी प्यायले आणि म्हणाले, "मग देता येईल ते बोला."

दुपारपर्यंत ठरलं. अडकलेला माल सोडायचा. हातमागाची सूट राहील, मात्र यापुढे कापडाची तपासणी सोलापुरातच, मागांच्या जागी, दोन्ही बाजूंची माणसं मिळून करतील. नावड्याच्या कारखान्यात हातमागाचा माल वेगळ्या खोलीत राहील. यंत्रमागाच्या कोट्याचं काहीच झालं नाही. माथुर खांदे पाडून गाडीत बसले. दिल्लीत त्यांना काय ऐकावं लागलं असेल, देव जाणे.

बाई विमानतळाला निघाल्या तेव्हा मी गाडीपर्यंत गेले. त्या म्हणाल्या, "गावी गेल्यावर मला विचारतील, काय सोडून आलीस? तुमच्या काकांचा प्रश्न मी त्यांना सांगणार आहे. आवडणार नाही कुणाला." मग माझ्या दोन्ही गालांना गाल लावून त्यांच्या पद्धतीने निरोप घेतला. गाडी वळेपर्यंत मी हात हलवत होते.

येमुलांना सोलापूरला फोन करायचा होता. हॉटेलसमोर एसटीडीची पिवळी पाटी लावलेलं दुकान होतं. बूथ एवढासा, पंखा बंद, म्हणून त्यांनी दार उघडंच ठेवलं आणि मी बाहेर उभी राहिले. पलीकडे त्यांच्या पत्नी असाव्यात. येमुल तेलुगूत बोलले, सोलापुरातल्या बऱ्याच विणकरांची ती घरची भाषा. चारच शब्द असतील. मग नुसते ऐकत राहिले, मान हलवत. इतके दिवस प्रत्येक वाक्य माझ्यातून जात होतं. हे पहिलंच असं, ज्याच्याशी माझा काही संबंध नव्हता. तरी बाहेर आल्यावर मी विचारलंच.

"काय सांगितलंत घरी?"

"सांगितलं नाही. विचारलं, जेवलीस का."

"आणि बातमी?"

"ती तिला माझ्या आवाजावरूनच कळली, ताई," येमुल म्हणाले. "म्हणाली, आता जेवते."